सेंताने झाकलेला दिवा

फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला असलेल्या बातान बेटाच्या दक्षिणेकडच्या त्या गावात पाव भाजणारं घर एकच, व्हिसेंताचं. मोठी माणसं तिला सेंता म्हणत, धाकटी मनांग सेंता, म्हणजे ताई. लग्न तिने केलं नाही. आईमागे भट्टी तिच्याकडे आली आणि तिचं आयुष्य भट्टीच्या वेळापत्रकाला बांधलं गेलं. भिजवलेली कणीक फुगेपर्यंत हाताला काम नसे. गाव झोपलेलं असे, आणि सेंता परसात उभी राहून आभाळ बघत राही. चैत्र-वैशाखात पहाटेच्या आधी आकाशगंगा दक्षिणेच्या समुद्रावर अशी उभी राहायची, की कुणाला तरी हाक मारून उठवावंसं वाटे. पण उठवणार कुणाला?

जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याने, रेनातोने, एका सुट्टीत आपला जुना मिररलेस कॅमेरा तिच्या हातात ठेवला.

"आंटी, यात आरसा नाही, म्हणून हलका. तुझ्या खांद्याला झेपेल."

"आरसा नाही ते बरंच झालं," सेंता म्हणाली. "या वयात माझं तोंड कोण बघणार!"

कणीक मळून मळून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. जड कॅमेरा तिने उचललाच नसता. हा मात्र एका हातात मावायचा. डोळ्याला पुसट दिसणारी आकाशगंगा त्याच्या पडद्यावर उजळून यायची. एखादा तारा निवडायचा, पडद्यावर मोठा करायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत भिंग फिरवायचं, हे ती महिन्याभरात शिकली. पुढे रेनातोने अर्ध्या पावाएवढं एक यंत्र पाठवलं. ते तिपाईवर बसवून ध्रुवाकडे रोखलं की ताऱ्यांच्या चालीने कॅमेऱ्याला हळूहळू फिरवायचं. सगळा संसार पावाच्या टोपलीत मावे. टोपली घेऊन ती टेकडीवर निघाली की पोरं विचारत, "मनांग, आज पाव विकणार की चांदण्या?"

"चांदण्या. तुम्हाला उधार नाही," ती म्हणे.

तिचे फोटो चर्चच्या दालनात लागले, शाळेत लागले. पहिल्यांदाच लोक तिला भट्टीवाली सोडून दुसरं काही म्हणू लागले. ते तिला आवडलं, आणि त्या आवडण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

पाण्यावरून उडणारे पाखरू मासे धरायचा हंगाम होता. त्या माशांना तिकडे दिबांग म्हणतात. होड्या रात्री बाहेर जात आणि उजाडताना परतत. होड्यांची धक्क्याकडे यायची वाट पाण्यातल्या दोन खडपांच्या मधून जाते, बैलगाडी जाईल एवढीच. म्हणून वाटेच्या डोक्यावर खांबावर दिवा लावून ठेवायचा आणि ज्या घरची पाळी, त्या घरच्या बाईने तो राखायचा. ते घडलं त्या रात्री पाळी रूफिनाची होती. तिचा नवरा आबेल समुद्रावर होता.

सेंता टोपली घेऊन धक्क्यावर आली तेव्हा दिवा जळत होता आणि जवळ कुणी नव्हतं. तिने खडपाच्या आडोशाला तिपाई मांडली. आभाळाचा फोटो आधी घेतला, तो सुरेख आला. आता समुद्राचा घ्यायचा होता, यंत्र बंद ठेवून, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून. मग दोन्ही जोडायचे. पण दिव्याने समोरची खडपं चुन्यासारखी पांढरी करून टाकली होती. तिने आणखी एकदा काढून पाहिलं. तेच. होड्या तर उजाडताना येणार, असं ती मनाशी म्हणाली. रिकामी टोपली तिने दिव्यावर पालथी घातली आणि वरून आपलं जाकीट टाकलं.

अंधार झाला, आणि समुद्र पडद्यावर रेशमासारखा उमटला. एकदा काढून तिने थांबायला हवं होतं. पण याहून बरा येईल, अजून एकदा, असं करत ती पडद्यात गुंतली.

लाकूड फुटल्याचा आवाज आला तेव्हा तिला आधी कळलंच नाही. मग माणसाची किंकाळी आली. तिने जाकीट ओढलं, टोपली भिरकावली, दिवा पुन्हा उघडा पडला. खाली खडपावर होडी आडवी झाली होती. सेंता कमरेएवढ्या पाण्यात शिरली, आबेलचा सदरा तिच्या मुठीत आला आणि ती बोंब मारत राहिली, लोक धावत येईपर्यंत.

आबेलचं जाळं लवकर भरलं होतं, म्हणून तो एकटा आधी परतला होता. त्याचा जीव वाचला. उजवा खांदा मात्र चुरला गेला.

"दिवा नव्हता," वाळूवर पडल्या पडल्या तो म्हणाला. "घिरट्या घातल्या... दिवाच नव्हता."

"मी लावला होता!" धावत आलेली रूफिना ओरडली. "पोराला ताप आहे, औषध पाजायला गेले होते, एवढंच! बघा ना, जळतोय!"

"आत्ता जळतोय," तिची सासू म्हणाली. "ताप पोराला, झोप तुला. ओरडा ऐकून लावलास."

मच्छिमारांचा म्होरक्या गास्पार, गावाचा मारान, म्हणजे सगळ्यांचाच काका. त्याने सेंताकडे पाहिलं. "तू सगळ्यांच्या आधी पोचलीस. तू सांग. दिवा होता?"

सेंताच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. कुणीतरी तिच्या खांद्यावर चादर टाकली होती. सगळे तिच्याकडे आबेलला वाचवणारी म्हणून बघत होते.

"अंधार होता," ती म्हणाली.

शब्द खोटा नव्हता. त्याच शब्दाने तिला पुढे झोपू दिलं नाही.

गास्पारने त्या हंगामापुरतं रूफिनाला धक्का बंद केला. हंगाम सरला तरी कुणी तो उघडला नाही. बायका तिच्याशी बोलत, पण दिव्याची पाळी तिला देत नसत. आबेल समुद्र सोडून लसणाच्या वाफ्यात डाव्या हाताने खुरपू लागला.

सेंताने ते फोटो बऱ्याच दिवसांनी उघडले. शेवटच्या फोटोत आकाशाखाली रेशमी समुद्र होता आणि त्यावर प्रकाशाची एक बारीक रेघ. ती बाहेरून सरळ आत येत होती, मग वळली होती, पुन्हा वळली होती, चाचपडणाऱ्या माणसाच्या हातासारखी इकडून तिकडे गेली होती आणि खडपाशी तुटली होती. आबेलच्या होडीवरचा कंदील. सेंताने पुसायचं बटण दाबलं. 'नक्की?' असं कॅमेऱ्याने विचारलं, आणि तिने तो बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

मग ती आबेलच्या घरी रोज पाव पोचवू लागली. हळदीचा भात केला की तोही. आबेलची आई चारचौघांत म्हणे, "सेंता म्हणजे देवमाणूस. नाहीतर आमच्या घरची सून!" ते ऐकलं की सेंता घाईने निघे. पण ती पाव नेत राहिली, कारण न नेणं त्याहून अवघड झालं होतं.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी रूफिना स्वतः भट्टीवर आली.

"मनांग, उद्यापासून पाव नको. आम्ही किती घेणार तुमच्याकडून?"

"अगं, असू दे."

"नाही." रूफिना जराशी हसली. "खरं सांगू? इतके दिवस मी भांडत होते. आता वाटतं, मी झोपलेच असेन. दिवा लावल्याचं मला डोळ्यांपुढे दिसतं, पण माणसाला स्वप्नातही दिसतंच की. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? तुम्ही तर खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेच."

ती गेल्यावर सेंताची भट्टीतली पावांची खेप करपली. नवऱ्याचा खांदा गेला, धक्का गेला, आणि आता रूफिनाची स्वतःच्या डोळ्यांवरची खात्रीही गेली होती. ती तर आपणच रोज थोडी थोडी काढून घेत होतो, पावाच्या बदल्यात.

त्याच संध्याकाळी ती कॅमेरा घेऊन आबेलच्या घरी गेली. सगळे जेवत होते. तिने उभ्यानेच सांगितलं: टोपली, जाकीट, अजून एकदा, अजून एकदा. मग पडद्यावरची ती रेघ आबेलपुढे धरली.

आबेलने ती खूप वेळ पाहिली. बोटाने तिचा माग काढला. "इथे मी रूफिनाला हाक मारली होती," तो म्हणाला. "आणि इथे... इथे शिवी घातली होती."

म्हातारी ताटावरून उठली. "तू? आणि आम्ही तुझा पाव..."

"तुम्ही गप्प बसा, आई," रूफिना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण म्हातारी बसली. मग ती सेंताकडे वळली. "मी वेडी झाले होते, मनांग. कळतंय का? रात्री उठून चुलीतला विस्तव विझवलाय की नाही हे मी चार-चारदा बघते. माझ्या हातांवर माझा विश्वास राहिला नाही."

"माझं काय करायचं ते कर," सेंता म्हणाली.

"इथे सांगून काय उपयोग? जिथे लोक मला बोलले तिथे सांगा."

"रूफिना..." आबेलने तोंड उघडलं.

"तुम्ही बोलूच नका. यांना फोटो तरी काढायचा होता. तुम्ही माझा नवरा होतात, आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. फक्त सांगितलंत, दिवा नव्हता."

आबेलने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मच्छिमार जाळी विणायला धक्क्यावर जमले. सेंताने सगळ्यांपुढे सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही तेव्हा थांबली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत; त्या मिळाल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. गास्पार हातातली सुई तशीच धरून बसला होता.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो, मारान."

"आणि तू जे म्हणालीस त्यावर मी एका बाईला इथून घालवलं." तो उठला, रूफिनापाशी गेला आणि टोपी काढली. "बाळ, चुकलो. तुझी जागा तुझी आहे."

"माझी जागा माझीच होती," रूफिना म्हणाली आणि जाळ्याचं एक टोक मांडीवर ओढून बसली. बायकांनी सरकून तिला जागा दिली.

सेंताला कुणी जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. ती चढण चढून घरी आली. काही घरांनी बरेच दिवस तिच्याकडचा पाव घेतला नाही. त्यांनी बटाटे उकडून भागवलं. आबेलच्या घरी तिने पुन्हा पाय ठेवला नाही. चर्चच्या दालनातले आपले फोटो मात्र तिने स्वतःच उतरवले. पाद्र्याने कारण विचारलं नाही.

टेकडीवर ती पुन्हा जाऊ लागली, पण जाताना वाटेतल्या प्रत्येक घरासमोर थांबून सांगायची, मी वर आहे, धक्क्यावर नाही म्हणून. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली.

पुढच्या हंगामात एका पहाटे टेकडीवरून तिने खाली पाहिलं. धक्क्याच्या खांबापाशी रूफिना बसली होती, दिव्याकडे तोंड करून. आकाशगंगा बरोबर तिच्या डोक्यावर आली होती. सेंताने कॅमेरा तिकडे वळवला नाही. उजाडल्यावर उतरताना दोघी पाणवठ्याशी समोरासमोर आल्या.

"वर होतात?" रूफिनाने विचारलं.

"हो."

"दिसत होतं का चांगलं?"

"दिसत होतं."

रूफिनाने घागर कमरेवर घेतली. "दोन पाव ठेवा उद्या. विकत," ती म्हणाली आणि निघून गेली.