तात्यांचा सहावा पेला

जुन्या वस्तू गोळा करणाऱ्याच्या घरी एक वस्तू आली की तिच्यामागून दोन किस्से येतात. वस्तू धूळ खात पडते, किस्से मात्र गावभर फिरतात! आमच्या मंडळाचं आता असं झालंय की वस्तू ठेवायला जागा नाही आणि किस्से ऐकायला घरात कुणी तयार नाही. म्हटलं, लिहूनच काढावेत.

माझं बारामतीत भांड्यांचं दुकान आहे. नवी भांडी घेताना लोक जुनी मोड देतात, आणि त्या मोडीत कधीकधी भलतंच काही निघतं. पूर्वी देशोदेशी मोठमोठी प्रदर्शनं भरायची, यंत्रांची, शेतीची, कलाकुसरीची. बघायला गेलेले लोक आठवण म्हणून तिथलं चित्र असलेलं तबक, बिल्ला, पेपरवेट असं काहीतरी आणायचे. आपण नाही का जत्रेतून पिपाणी आणत, तसंच! असल्या वस्तू जमवणारे आम्ही सहाजण आहोत. महिन्यातून एका रविवारी जमतो आणि आपापसांत लिलाव करतो.

सहाजणांत खरे वेडे म्हणजे कळसचे तात्या. ऊसवाले बागायतदार. कॅनॉलवरच्या गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यातलं सामान पूर्वी कधीतरी लिलावात निघालं, तेव्हा तात्यांच्या वडिलांनी त्यातले पाच पेले घेतले होते. लाल काचेचे, वर कुठल्याशा विलायती प्रदर्शनाचा महाल कोरलेला. पेले होते सहा, पण सहाव्याला वडिलांचा खिसा रिकामा झाला आणि तो दुसऱ्याच कुणीतरी नेला. तो सहावा पेला शोधणं हे तात्यांचं जन्माचं काम. आणि तो मिळेपर्यंत पेटीत ठेवलेल्या त्या पाचांतून कुणी घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा तात्यांचा कायदा!

* * *

आमचा लिलाव पुकारतात रावसाहेब. त्यांचा जन्म मार्केट यार्डात गूळ-कांद्याची अडत करण्यात गेला. लिलावही त्यांच्याच गाळ्यावर होतो.

पहिल्या लिलावात सरांनी एक पितळी पदक मांडलं. सर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातून रिटायर झालेले प्राध्यापक. ते बारीक आवाजात माहिती सांगू लागले, धातू कोणता, ठसा कसा, कारागीर कुठला. पाच मिनिटं झाली तरी बोली काही सुरू होईना.

रावसाहेबांनी पदक उचललं. हातावर तोललं, वास घेतला, नखानं टोकरलं आणि आरोळी ठोकली, "एक नंबर माल! ओल न्हाय, कीड न्हाय, खाली-वर सारखा!"

सर कळवळून म्हणाले, "रावसाहेब, हे पदक आहे हो!"

"आसू द्या की! कांदा आसो न्हायतर पदक, गिऱ्हाईक वरनंच बघतंय!"

पदक सरांच्या अपेक्षेच्या दुप्पट किमतीला गेलं. त्या दिवसापासून सर माहिती सांगत नाहीत.

* * *

मंडळात सुप्याचे दोघे भाऊ आहेत. शेरडं-म्हशींचा व्यापार करतात. थोरला बोलतो, धाकटा मान हलवतो.

थोरल्यानं एकदा काचेचं पेपरवेट जिंकलं. रावसाहेबांनी गाळ्याच्या फळीवर अर्धा किलोचं वजन आपटलं, "एकवार, दोनवार, तीनवार!" सौदा संपला. पण थोरला पिशवी उघडी धरून तसाच उभा!

"काय राह्यलं?" रावसाहेब म्हणाले.

"वर काय?"

"कशाच्या वर?"

"येवढं घेतलं की! शेरभर वांगी घेतली तर बाई वर दोन मिरच्या टाकती. हितं कायच न्हाय व्हय?"

रावसाहेबांना आयुष्यभराची सवय. त्यांनी कोपऱ्यातली कोथिंबिरीची जुडी उचलली आणि पेपरवेटवर टाकली. तेव्हापासून आमच्या लिलावात काहीही जिंका, वर कोथिंबीर मिळतेच!

सर याला फार हसायचे. मग एकदा त्यांनी परदेशातल्या एका लिलावातून प्रदर्शनाचा बिल्ला मागवला, आणि गंमत म्हणून ऑर्डरच्या खाली इंग्रजीत लिहिलं की आमच्याकडे खरेदीवर काहीतरी वर द्यायची पद्धत आहे. पार्सल आलं. बिल्ल्याबरोबर त्याच प्रदर्शनाचं एक जुनं तिकीट! ते तिकीट बिल्ल्याहून महाग निघालं.

सर आता सुप्याच्या थोरल्याला 'गुरुवर्य' म्हणतात.

* * *

बाहेरचे विक्रेतेही कधीमधी येतात. असाच एक पुण्याचा माणूस आला, गळ्यात साखळी, हातात पेटी. पेटीतून त्यानं मखमलीत गुंडाळलेला चिनीमातीचा कप काढला. वर कारंज्याचं चित्र. म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातला आहे. आमच्या पणजोबांनी स्वतः बोटीनं आणलेला."

कप हातोहात फिरला. तात्यांनी एक नजर टाकली आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "लाल पेला हाय का तुमच्याकडं?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. कप माझ्याकडे आला. मी भांडेवाली, सवयीनं आधी बूड बघितलं.

"अहो भाऊ, याच्या तळाला मायक्रोवेव्हचं चित्र आहे!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पण तो पठ्ठ्या जरासुद्धा बिचकला नाही! कप परत मखमलीत गुंडाळत म्हणाला, "त्या काळची माणसं ताई, लांबचा विचार करायची."

एवढ्या हजरजबाबीपणाबद्दल आम्ही त्याला चहा पाजला आणि कोथिंबिरीची जुडी देऊन पाठवलं.

* * *

तात्यांच्या शोधाची कीर्ती आता चार गावांत पसरलीय. सुप्याच्या थोरल्यानं एकदा फोन केला, "तात्या, आमच्या शेजारच्या म्हातारीकडं लाल काच हाय. जुनी हाय. वर बारीक नक्षी हाय."

तात्यांनी उसाचं पाणी अर्ध्यावर सोडलं. काचेला धक्का लागू नये म्हणून घरातली उशी घेतली आणि मोटरसायकलवरून थेट सुपे गाठलं. म्हातारीनं पटकुरात गुंडाळलेली वस्तू बाहेर आणली. तात्यांनी हलक्या हातांनी पटकूर सोडलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा लाल दिवा!

दुसरा कुणी असता तर थोरल्याच्या नावानं शिमगा केला असता. तात्यांनी दिवा उलटसुलट बघितला आणि विचारलं, "कितीला देता?"

घरी तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच उभ्या. "मिळाला का सहावा?"

"सहावा न्हाय, पर ट्रॉलीचा मिळाला," तात्या म्हणाले आणि पाना घेऊन गोठ्यातल्या ट्रॉलीकडे गेले.

* * *

एकदा मात्र सहावा पेला खरोखर दिसला. परदेशातल्या एका ऑनलाइन लिलावात. तोच लाल रंग, तोच महाल! तात्यांना मोबाइलवर बोली लावता येत नाही, म्हणून कामगिरी सरांवर आली. लिलाव संपायची वेळ आणि सरांच्या विद्यार्थ्याच्या लग्नाचा मुहूर्त नेमका एकच निघाला. लग्न इंदापुरात.

सर पहिल्या रांगेत उभे. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात मोबाइल. दोन मंगलाष्टकांपर्यंत बोली सरांच्याच नावावर होती. तिसऱ्याला नेटवर्क गेलं. पडद्यावर नुसतं चाक फिरतंय! नेटवर्क आलं तेव्हा पेला दुसऱ्याच्या नावावर झाला होता.

सर भर मांडवात ओरडले, "गेला! अहो, हातचा गेला!"

भटजी थांबले. सगळा मांडव आधी नवरदेवाकडे वळला. नवरदेव जागेवर होता. तरीसुद्धा मुलीच्या मामानं त्याचा दंड जो धरला, तो शेवटची अक्षता पडेपर्यंत सोडला नाही!

तात्या महिनाभर सरांशी बोलले नाहीत. माझ्याकरवी एवढाच निरोप धाडला, "सरांस्नी म्हणावं, अक्षता दोनी हातांनी टाकायच्या असत्यात."

सरांना ते फार लागलं. मला म्हणाले, "ताई, आता पेला कुठेही दिसू दे, मी तो तात्यांना मिळवून देणार." माणूस तसा मनाचा चांगला.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगायची मला परवानगी आहे, कारण ज्यांनी हे केलं त्याच आता सगळ्यांना सांगत सुटल्यात!

एका दुपारी काकू माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, डबा-बिबा घ्यायला आल्या असतील. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि टॉवेलातून लाल पेला.

मी उडालेच! "काकू, सहावा मिळाला?"

"सहावा कुठला? पाचातलाच हाय. ह्यो लावा तुमच्या लिलावात. माझं नाव घ्याचं न्हाय."

"अहो, पण तात्यांना कळलं तर?"

"त्यास्नी कशानं कळतंय? फुटतील म्हणून पेटी उघडायला भ्यात्यात. ह्यो आणायचा, सहा झालं म्हणायचं, आन् एकदा का चार लोकांत पेटी उघडली की झालं." मग काकू पेल्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ताई, लगीन हून आल्ये तवापासनं बघतीया. माझा भाऊ आला, लेकीला बघायला पावणं आलं, समद्यांस्नी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. एकदा तरी ह्यात कुणाला तरी सरबत द्यावं वाटतंय. त्यांचा सहावा मिळूस्तवर मीच ऱ्हात न्हाय."

मला हसूही येत होतं आणि गलबलूनही आलं. पेला मी ठेवून घेतला.

रविवारी रावसाहेबांनी पेला फळीवर ठेवला आणि पुकारलं, "घरगुती माल, एकाच हातचा!" तात्या ताडकन उठले. खिशातून भिंग काढलं, पेला उन्हात धरला, बुडापासून काठापर्यंत तपासला.

"त्योच हाय," तात्या म्हणाले. त्यांनी भिंग खिशात टाकलं. "पर आपल्या पाचांपेक्षा उजवा हाय बरं का! आपल्यांचा रंग जरा फिका पडतोय."

बोली सुरू झाली, आणि बघते तर काय, सरही बोली लावायला लागले! तात्यांनी वाढवलं की सर वाढवायचे, सरांनी वाढवलं की तात्या. सुप्याच्या थोरल्याला आकड्यांपेक्षा जनावरं लवकर कळतात. तो शेजारी बसून भावाला हिशोब सांगत होता.

"शेळी झाली... बोकड झाला... आरं, कालवडीवर गेलं!"

धाकटा मान हलवत होता. तात्यांचं कपाळ घामानं डबडबलं, सरांचा चष्मा खाली घसरला. मला मधे बोलायचं होतं, पण काकूंना शब्द दिलेला!

"गाभण म्हस!" थोरला ओरडला तेव्हा सर थांबले. एकवार, दोनवार, तीनवार. वजन आपटलं. पेला तात्यांचा झाला, वर कोथिंबिरीची जुडी.

सर कपाळ पुसत म्हणाले, "तात्या, अहो मी तुम्हाला भेट द्यायलाच घेत होतो!"

"मग आधी सांगायला काय झालतं?" तात्या गरजले. पण लगेच त्यांनी सरांना मिठी मारली आणि सगळ्यांना आमंत्रण दिलं. पुढच्या रविवारी कळसला यायचं, सगळ्यांसमोर पेटी उघडायची, सहाही पेल्यांत सरबत! तोपर्यंत नवा पेलाही त्यांनी फडक्यातून सोडला नाही.

त्या रविवारी आम्ही पाचहीजण कळसला पोचलो. तात्यांनी धुवट धोतर नेसलेलं, वडिलांच्या फोटोला हार घातलेला. पेटी समोर आणून ठेवली, कुलूप काढलं आणि झाकण उघडणार तोच काकू पुढे झाल्या.

"तुमी बसा पावण्यांत. धुवून, भरून मीच आणते. तुमचं हात कापाय लागल्यात."

तात्यांनी नवा पेला आणि पेटी बायकोच्या हवाली केली. आत पाण्याचा, काचेचा आवाज होत राहिला आणि बाहेर तात्या आम्हाला वडिलांची, बंगल्याची, खिसा रिकामा झाल्याची सगळी गोष्ट सांगत बसले. "आज आबा पायजे हुते," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

काकू ट्रे घेऊन आल्या. सरबत भरलेले लाल पेले उन्हात फार सुंदर दिसत होते. एक मी घेतला, एक रावसाहेबांनी, एक सरांनी, दोन सुप्याच्या भावांनी. मग काकूंनी ट्रे तात्यांच्या पुढे धरला.

ट्रेमध्ये एक स्टीलचा पेला होता.

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. आमच्या पाचांच्या हातांकडे बघितलं. ओठ हलवून पुन्हा एकदा मोजलं.

"अगं... सहावा कुठं हाय?"

काकूंनी पदर सारखा केला. "घ्या की आता, बर्फ इरघळतोय. आन् सहाव्याचं म्हणाल, तर एकच कमी हाय. पुढच्या लिलावात बघा, घावंल!"