चार स्टुलं

चष्मेवाल्याचं दुकान रस्त्याला लागून होतं, पण तो बसायचा मागच्या खोलीत, चाकावर काचा घासत. गिऱ्हाईक आलं की बाहेरून विचारायचं, "कुणी आहे का?" मग हात पुसत तो पुढे यायचा. दिवसभरात त्याला हाक मारणारे म्हणजे एवढेच.

घरी मात्र गॅलरी होती. गॅलरीत चार स्टुलं, नवरा-बायको, मुलगी आणि मुलगा. चौघंही सिगारेट ओढायचे. बापाने मुलांना कधीच "ओढू नका" म्हटलं नाही, म्हणणार तरी कुठल्या तोंडानं? संध्याकाळी एकाने काडी पेटवली की तिघं वाकून पुढे व्हायचे. मुलीचा बदलीचा अर्ज, मुलाचं मोडलेलं लग्न, सगळं त्या धुरातच बोलून झालं.

मग बायकोच्या छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "घरात एकानेही ओढायची नाही." चौघांनी एकाच दिवशी सोडली. नियम मुलीने केले, ती नर्स होती. तलफ आली की हाक मारायची, सगळ्यांनी येऊन दहा मिनिटं सोबत बसायचं. आणि एकाने जरी ओढली तरी सगळ्यांचे दिवस पुन्हा एकपासून.

पहिले पंधरा दिवस नुसता धुमाकूळ. मुलगा दिवसाला सहा वेळा ओरडायचा, बायको बडीशेप चावून वैतागायची. पण हसणंही तेवढंच. पुढे हाका कमी झाल्या. मुलगी संध्याकाळी पोहायला जाऊ लागली, मुलगा कानात इअरफोन घालून पडून राहू लागला, बायको टीव्हीपुढे. चष्मेवाला सवयीने गॅलरीत जायचा. तलफ त्यालाही उरली नव्हती. समोर तीन स्टुलं.

एकेचाळिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो गॅलरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी ओढली. सकाळी. एकच."

तिघंही धावत आली.

"बाबा! एकेचाळीस दिवस!" मुलगा कपाळावर हात मारून खाली बसला. "मी दात-ओठ आवळून काढलेत हो!"

"आता वय झालं म्हणून सोडून द्यायचं का तुम्हाला?" मुलगी म्हणाली. "बसा. सगळे बसा."

चौघं बसले. मुलगा तोंडसुख घेत होता, "दुसऱ्यांचे डोळे तपासता आणि स्वतःला एवढं दिसत नाही?" चष्मेवाला मान खाली घालून ऐकत होता आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. इतकं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

बायको जवळ सरकली. तिने त्याचा हात हातात घेतला, बोटं नाकाशी नेली. काच घासायच्या पावडरीचा वास, दुसरा कसला नाही.

"कुणाकडून काडी घेतलीत?"

त्याने हात हळूच सोडवून घेतला.

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. ती आत गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे ती रोजचा आकडा लिहायची, एकेचाळीसवर गोल केला. मुलगा तिच्यामागे, "अगं ताई, पण नियम...?" त्याचा आवाज आत विरत गेला.

बायको उठता उठता म्हणाली, "अहो, नुसती हाक मारायची होती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गॅलरीत बसला. नुसती हाक. तीस वर्षांत त्याने सिगारेटशिवाय कुणालाच बोलावलं नव्हतं. हाकेनंतर काय म्हणायचं असतं? त्याने घसा खाकरला. "अगं," म्हणाला, पण पुढचं काही येईना.

आत टीव्ही चालू होता. मुलाच्या खोलीचं दार लोटलेलं.

शेवटी त्याला जे पाठ होतं तेच तोंडातून निघालं.

"कुणी आहे का?"

आणि काउंटरशी गिऱ्हाईक थांबतं तसा, दोन्ही हात पुढच्या स्टुलावर ठेवून, तो वाट बघत राहिला. टीव्हीचा आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला.