लाइन क्लिअर मिळाल्याबिगर

गुरुशांत मास्तरांच्या घरात गॅस नुसता बंद करून भागत नाही. "गॅस बंद?" असं मास्तर हॉलातून विचारणार आणि काशम्मानं आतून "गॅस बंद" असं पुरतं सांगायचं. नुसतं "व्हय" म्हटलं तर मास्तर परत विचारतात. काशम्मा वैतागते. म्हणते, "गॅस हाय त्यो, मालगाडी न्हाय."

मास्तर होटगीकडच्या कानडी घरातले. सगळी नोकरी माढ्याच्या अंगाला, एका बारक्या स्टेशनात स्टेशन मास्तर म्हणून गेली. गाडी पुढं सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला फोन करून रस्ता मोकळा आहे का ते विचारायचं. ह्याला लाइन क्लिअर म्हणतात. पलीकडचा मास्तर आपली लाइन बघणार आणि मग एक खासगी आकडा सांगणार. तो आकडा लिहून घेतल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही. पलीकडं माढ्याला जोतीराम होता. दोघांची गाठभेट कधी लग्नाकार्यातच व्हायची, पण आवाजावरनं एकमेकांचं पोट बिघडलंय का तेसुद्धा ओळखायचे. आता दोघंही रिटायर. मास्तर सोलापुरात होटगी रोडला, जोतीराम माढ्यात शेतावर.

पोरगा सोमेश पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा घरचा कॉम्प्युटर मागं राहिला. मशीन म्हातारं झालं. विंडोज उघडायचं म्हटलं की काशम्माचा चहा उकळून निघायचा. नवीन विंडोज त्यावर चढेना. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला.

कॉम्प्युटर गेला असता म्हणून मास्तरांनी काही जेवण सोडलं नसतं. पण त्यात काशम्माची गाणी होती. काशम्मा आणि तिची अक्कलकोटची बहीण रत्नम्मा, दोघी मिळून लग्नात हळदीची, न्हाणाची कानडी गाणी म्हणायच्या. सोमेशनं ती एकदा घरात बसवून भरून घेतली होती. पुढं रत्नम्माचे दात गेले आणि तिनं गाणंच सोडलं. हवा निसटती म्हणते. आता दोघींची गाणी म्हणजे काय ती त्या मशीनमध्ये. लग्नसराई आली की आळीतल्या पोरी काशम्माकडं शिकायला बसतात, त्याही त्यावरच.

दिवाळीत सोमेश आला तेव्हा म्हणाला, "आप्पा, गाणी पेन ड्राइव्हवर घेतलीत. आता मशीनमधली पुसली तरी चालतंय. लिनक्स टाका, फुकट असतंय, जुन्या मशीनवर पळतंय." आणि पुण्याला निघून गेला.

मास्तरांनी काम हातात घेतलं. फोनवर सोमेश सांगेल तसं लिनक्स पेन ड्राइव्हवर चढवलं. मध्ये मशीननं पाटी दाखवली, की ह्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. मास्तरांनी विचारलं, "पुसू का?"

"पुसा की आप्पा, तसंच असतंय."

मास्तरांनी पुसलं.

मग सुरू झाला खरा ताप. मशीन चालू करायचं आणि लगेच एक बटण दाबायचं, म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. मास्तर मशीन चालू करणार, चष्मा लावणार, बटण शोधणार, हेच का ते बघणार आणि मग दाबणार. तोवर विंडोज येऊन बसलेलं. हे इतक्या वेळा झालं की काशम्मा भाकरी सोडून आली, आधी बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता करा चालू." मशीन वळणावर आलं.

तर पडदा काळा. सोमेश म्हणाला, पेन ड्राइव्ह पुढच्या खाचेतनं काढून पाठीमागच्या खाचेत घाला. घातलं. तरी काळा. मग म्हणाला, सुरुवातीच्या यादीत साध्या चित्राचा पर्याय असेल, तो निवडा. तो निवडला आणि लिनक्स उघडलं. नुसतं बघण्यापुरतं, मशीनला धक्का न लावता. मास्तरांनी इकडं तिकडं उघडून बघितलं, घड्याळ बरोबर आहे का ते तपासलं, आणि मग मशीनवर कायमचं बसवायच्या चित्रावर क्लिक केलं. चार प्रश्न झाले आणि पाटी आली. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं?

मास्तरांचा हात माउसवर थांबला. सोमेशला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. हळूच म्हणाला, "दाबा आप्पा, काय होत न्हाय."

काय होत न्हाय, हे वाक्य मास्तरांना नोकरीतही कधी पटलं नव्हतं. त्यांनी माढ्याला फोन लावला.

"जोतीराम, लाइन क्लिअर दे."

"कुठल्या गाडीला रं? मी हितं म्हशीखाली बसलोय."

मास्तरांनी सगळं सांगितलं. जोतीरामाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण म्हशीखालनं तो उठला.

"लाइनवर काय उभं हाय?"

"काशम्माची गाणी."

"ती दुसऱ्या लाइनीला घेतली?"

"घेतली. पेन ड्राइव्हवर हायती."

"कोन म्हनतंय?"

"सोमेश."

"सोमेश म्हनतंय. तू डोळ्यानं बघितलास?"

मास्तरांनी बघितलं नव्हतं.

"मग आकडा मिळायचा न्हाय. आधी बघून ये जा. आणि ती पेन ड्राइव्ह हाय कुटं?"

"हाय की. ही काय, मशीनलाच..." म्हणता म्हणता मास्तरांनी मशीनच्या पाठीमागं वाकून बघितलं. कपाटाच्या खणात पेन ड्राइव्ह एकच होती. लाल. सोमेशनं दिवाळीत गाणी घेतली ती, आणि मास्तरांनी पुसून लिनक्स चढवलं तीही तीच. पुसू का, हे त्यांनी विचारलं होतं. कुठली पुसू, हे विचारलं नव्हतं.

"गुरुशांता? हायस का?"

"हाय," मास्तर म्हणाले. "लाइन भरलेली हाय. आकडा देऊ नगंस."

बसवायचं काम त्यांनी तिथंच रद्द केलं. बघण्यापुरतं उघडलेलं लिनक्स चालूच होतं. त्यातनंच जुन्या डिस्कचं चित्र शोधलं, फोल्डरामागं फोल्डर उघडलं. गाणी होती. एकावर क्लिक केलं. पट्टी सरकायला लागली, पण आवाज नाही.

काशम्मा दारात उभी होती. "गेली काय?"

मास्तरांनी वायरी चाचपल्या, स्पीकरचं बटण बघितलं. शेवटी आवाजाच्या चित्रावर गेले, तर लिनक्स आवाज टीव्हीच्या वायरीला पाठवत होतं, आणि टीव्ही त्या वायरीला कधी जोडलाच नव्हता. ते बदललं. घरात एकदम रत्नम्मा गायला लागली, सगळ्या दातांनिशी.

"काय बाई हिचा गळा," काशम्मा म्हणाली, आणि शेंगा फोडायला घेऊन तिथंच बसली.

मास्तर चौकातल्या दुकानातनं नव्या पेन ड्राइव्ह घेऊन आले. एक नाही, दोन. गाणी दोन्हींवर घेतली आणि प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून बघितलं. काशम्मानं मधेच रत्नम्माला फोन लावून स्पीकरपुढं धरला.

फोनमधनं रत्नम्मा म्हणाली, "काशे, न्हाणाच्या गाण्यात तू खोकलीस. तेवढं काढून टाक जा."

"मी? खोकला तुझा हाय. तुला तवा सर्दी हुती."

"मला कवा सर्दी हुती? तूच तंबाखू खात हुतीस की."

"अवो, परत लावा ते!" काशम्मा म्हणाली.

मास्तरांनी परत लावलं. खोकला आला आणि गेला. दोघी आपापल्या जागेवरनं हटल्या नाहीत.

सगळी गाणी तपासून झाली, तेव्हा मास्तरांनी माढ्याला फोन केला. जोतीरामानं पुन्हा सगळं विचारलं, ह्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, आणि पलीकडनं आकडा आला. मास्तरांनी तो लिहून घेतला, म्हणून दाखवला आणि बटण दाबलं. डिस्क पुसली. लिनक्स बसलं. गाणी परत मशीनमध्ये घेतली.

सोमेशचा फोन आला, "झालं का आप्पा? मी म्हटलं हुतं काय होत न्हाय." मास्तर नुसतं म्हणाले, "तू घरी ये, मग सांगतो."

मशीन आता पटकन उघडतं. पोरी शिकायला बसतात. न्हाणाचं गाणं मात्र त्यांच्या वाट्याला कमी येतं, कारण अक्कलकोटचा फोन आला की काशम्मा तेच लावायला सांगते, आणि खोकला आला की दोघी एकदमच ओरडतात, "बघ! तूच!"