आल्बम संपेपर्यंत उठायचं नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते जमतात, एकात एक कोंबलेले. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात, आणि नेमकी हवी ती तळाशी राहते.

आमचे सगळे किस्से लालबागच्या एका चाळीतल्या मन्या परबच्या खोलीतले. मन्याला जाऊन आता वर्ष होईल. आम्ही उरलेले तिघं भेटलो की पहिला चहा येईपर्यंत गप्प असतो. मग कोणीतरी म्हणतं, "ते पोह्यांचं आठवतं का रे?" आणि झालं, पिशव्या बाहेर!

आम्ही चौघं. मन्या लोअर परळला एका छापखान्यात होता. डॉमनिक, म्हणजे डॉम्या, खोताच्या वाडीतला, शाळेत संगीत शिकवतो. सुषमाचं परळला केमिस्टचं दुकान आहे. आणि मी गिरगावातला, बँकेत चिकटलेला. कॉलेजात असताना फुटपाथवरच्या एकाच सीडीवर चौघांनी एकदम हात टाकला, तेव्हापासूनची ही ओळख. रॉक, ग्रंज, मेटल, जेवढं काळं आणि कर्कश तेवढं आमचं!

दर रविवारी दुपारी मन्याकडे बैठक. नियम मन्याचा, आणि एकच. आल्बम लावला की पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. गाण्याबरोबर किंचाळायला मात्र मुभा. जो उठेल त्यानं सगळ्यांना वडापाव आणायचा. सुषमाला एकदा मधेच दुकानातून फोन आला, चोरी झाली म्हणून. ती उठली. चोर सापडला नाही, पण आम्हाला वडे मिळाले.

*

आल्बमची खरी नावं सांगत बसत नाही. आमच्यात ती कधी चाललीच नाहीत. इंग्रजी नावांमध्ये मरण, रक्त आणि सैतान इतके की घरी उच्चारायची सोय नव्हती. म्हणून आम्ही त्यांचं आपलं बारसं केलं.

सुषमाचा लाडका आल्बम म्हणजे 'साचेखातं'. त्यातला ड्रमर दोन्ही पायांनी असा काही बडवतो की गिरणीत साचे, म्हणजे माग, सुरू झाल्यासारखं वाटतं. डॉम्याचा 'गंज'. मन्याची 'विहीर', कारण गाणारा कुठून तरी खोलातून ओरडतो आणि त्याला वर काढायला कोणी येत नाही. माझा जो जीव की प्राण, त्याला सुषमानं 'रडगाणं' नाव ठेवलं. मी भांडलो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या आईनं तर 'रडगाणं' एकदाच ऐकलं. ती भाजी निवडत होती. दोन गाणी झाली आणि ती म्हणाली, "अरे, ह्याला कोणीतरी जेवायला वाढा रे!"

पुढे काही वर्षांनी तो गाणारा गेला. स्वतःच्याच हातानं गेला. मला रडू आवरेना. आईनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी?"

*

डॉम्याची आजी वारली तेव्हा चर्चमध्ये गिटार वाजवायची जबाबदारी त्याच्यावर आली. ठरवलेली धून आठवेना. बोटांना जे पाठ होतं ते त्यांनी वाजवलं, 'गंज'मधलं सगळ्यात संथ गाणं. लोक रडले. आजीच्या बहिणी तर हुंदके देऊन रडल्या.

प्रार्थना संपल्यावर फादर जवळ आले. "बाळा, फार सुंदर. ह्याचे शब्द मिळतील का? आपण गायलाही घेऊ."

डॉम्या म्हणाला, "फादर, शब्द नकोच. नुसतं दुःख राहू दे."

फादरना ते इतकं पटलं की आता वाडीत कोणीही गेलं की डॉम्याला तेच वाजवावं लागतं. तो म्हणतो, "माझा फेव्हरेट आल्बम होता यार. आता वाजवला की मला फुलांचा वास येतो."

*

आता मन्याच्या वडिलांविषयी सांगायला हवं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांची उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली, आणि कान पण तिथेच गेले. गिरणी बंद पडली तोवर ते ठार बहिरे झाले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे खुणा, नाहीतर कानाशी तोंड नेऊन बोंब!

रविवारी आमची बैठक सुरू झाली की तात्या लोखंडी कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसायचे, पेपर उघडून. मन्याचे दोन्ही स्पीकर त्याच कपाटावर. आम्हाला वाटायचं, खोली एवढीशी, बसणार तरी कुठे बिचारे?

एकदा चाळीचे सेक्रेटरी नाना तक्रार घेऊन आले. मन्या खाली गेला होता, तेव्हा त्यांनी तात्यांनाच गाठलं. हातवारे करून, ओरडून सांगितलं, "तात्या! तुमचा मन्या! आवाज! फार!"

तात्या शांतपणे त्यांच्या मालवणीत म्हणाले, "कसलो आवाज?"

नाना आले तसे परत गेले.

मन्यानं मग पहिल्या बोनसमधून तात्यांना कानाचं मशीन आणलं. तात्यांनी ते एक दिवस लावलं. दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात. मन्यानं खुणेनं विचारलं, का काढलं?

"मशीन लावला काय आवाज येता," तात्या म्हणाले.

*

पोह्यांचं राहिलंच.

'विहीर' हा आल्बम जरा लबाड आहे. शेवटचं गाणं संपतं, मग बराच वेळ काहीच नाही. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. आणि मग अचानक एक गाणं फुटतं, जे कव्हरवर छापलेलंच नाही. सुरुवातच किंकाळीनं! त्या काळच्या सीडींवर अशी लपवलेली गाणी असायची. मन्याचं म्हणणं, ती मधली शांतता पण आल्बममधेच धरायची. तेव्हाही उठायचं नाही.

तर मन्याच्या बहिणीला, नंदाला, बघायला डोंबिवलीहून मंडळी यायची होती, पाच वाजता. ती आली साडेचारला! आम्ही 'विहीर' ऐकत होतो. नेमकं शेवटचं गाणं संपलेलं. काकींनी, म्हणजे मन्याच्या आईनं, आम्हाला गॅलरीत हाकललं. त्या धांदलीत प्लेअर बंद करायचा राहून गेला. खोलीत शांतता, कोणाला संशय येणार?

पोहे आले. मुलाची आई विचारत होती, "मुलीला आवाज कसा आहे? गाते का?" नंदा मान खाली घालून बसलेली. तात्या आपल्या जागी, कपाटापाशी. त्यांनी तेवढ्यात पोह्यांची बशी खालून उचलली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी दारातून बघत होतो. म्हटलं, भूक लागली असेल.

आणि फुटलं गाणं! मुलगा बसल्या जागी उडाला, पोहे आईच्या पैठणीवर, चहा मध्यस्थांच्या मांडीवर. मुलगा गाण्याच्या वरताण किंचाळला. मंडळी जी उठली ती चप्पल घालायला.

स्थळ हातचं गेलं. काकी आठवडाभर मन्याशी बोलल्या नाहीत. मन्या नंदाची माफी मागायला गेला, तर ती म्हणाली, "दादा, बरं झालं. गाण्याला एवढा घाबरतो, तो तुझ्या बहिणीला काय सांभाळणार?"

*

इथपर्यंतचे किस्से आम्ही हसत सांगतो. पुढचेही हसतच सांगतो, पण मग चहा गार होतो.

मन्याच्या घशात गाठ निघाली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? नाही. सिगारेट? नाही. दारू? थोडी. मग डॉक्टर म्हणाले, "घशाला आणखी काही त्रास?"

"किंचाळतो," मन्या म्हणाला. "रविवारी."

डॉक्टरांनी सोबत आलेल्या सुषमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं आहे डॉक्टर. आणि बेसूर."

मग त्याचं स्कॅनिंग झालं. त्या बोगद्यासारख्या यंत्रात माणसाला आडवं घालतात आणि मग ते यंत्र धडधडतं, ठोकतं, कर्कश ओरडतं. भलेभले घाबरून बटण दाबतात म्हणे. मन्या आत जाऊन स्वस्थ पडून राहिला. बाहेर काढल्यावर तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, त्रास नाही ना झाला?"

मन्या म्हणाला, "ड्रमर चांगला आहे. पण बास वाढवा."

*

मग डॉक्टरांनी औषध सांगितलं. सलाइनमधून द्यायचं. त्यानं गाठ आटोक्यात येईल, पण कान जाण्याची शक्यता बरीच. आधी बारीक, उंच आवाज जातील. मग कदाचित सगळेच.

मन्यानं विचारलं, "म्हणजे आधी सिंबल जाणार?"

ड्रमवरच्या पितळी थाळ्यांचं तो बोलत होता, ते डॉक्टरांना कळलं नाही. डॉम्याला कळलं. तो कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला.

मन्यानं नाही म्हणून सांगितलं. नको ते औषध, जेवढं आहे तेवढं ऐकत जाईन. डॉक्टरांनी विचार करायला सोमवारपर्यंत वेळ दिला. त्याच्या पुढे थांबण्यात अर्थ नाही, म्हणाले.

त्या आठवड्यात आम्ही काय नाही केलं! काकींनी गावच्या देवीला कोंबडा बोलला. नंदा सासरहून आली, रडली, भांडली, पुन्हा रडली. डॉम्यानं माऊंट मेरीला मेणबत्ती लावली. मेणाचे कान मिळतात म्हणून तेही वाहिले. मी त्याला बहिऱ्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. आता लाज वाटते, पण त्या वेळी दुसरं सुचलं नाही.

सुषमा तर दुकान टाकून आली आणि दारातूनच ओरडली, "बहिरा चालशील रे आम्हाला! मेलेला नाही चालणार!"

"तुला काय जातंय बोलायला?" मन्या म्हणाला. "घरात एक बहिरा बघतोय ना मी. इतकी वर्षं. भिंतीसारखा बसलेला असतो माणूस. सगळं जग चाललंय आणि हा आपला पेपर वाचतोय. मला तसं नाही व्हायचं."

तात्या कपाटापाशी पेपर वाचत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही.

मला मन्याचा खूप राग आला. थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याचं चूक आहे असंही म्हणता येईना. आपल्यावर आली असती तर? 'रडगाणं' सोडून जगायला मी तरी तयार होतो का?

*

मग रविवार आला. कोणाला यावंसं वाटत नव्हतं आणि न येणं शक्य नव्हतं.

मन्यानं 'विहीर' लावली. किंचाळून घसा दुखेल म्हणून आवाज कमी ठेवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "घशानं नाही ऐकत मी," आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. काकी देवापाशी बसून राहिल्या. तात्या नेहमीसारखे कपाटाला पाठ टेकून, मांडीवर पेपर.

नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही. एकेक गाणं संपत गेलं. सुषमा छताकडे बघत होती. डॉम्या डोळे मिटून बोटांनी गुडघ्यावर गिटारच्या तारा दाबत होता. शेवटचं गाणं संपलं आणि ती शांतता सुरू झाली.

आम्ही बसून राहिलो. खालून कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज.

आणि मन्या म्हणाला, "बस झालं."

आजवर त्यानं असं कधीच केलं नव्हतं. नियम त्याचा, आल्बम त्याचा. पण तो पुढे वाकला आणि प्लेअरकडे हात नेला. "आता पुढे सगळं असंच असणार आहे ना? मग कशाला उगाच? संपलं म्हणा."



तात्यांनी पेपरातून मान वर केली. मन्याचा हात बटणावर बघितला.

"बंद करू नको रे," ते म्हणाले. "अजून एक आसा."

मन्याचा हात तिथेच राहिला. तो आमच्याकडे बघायला लागला. सुषमानं नाही म्हणून मान हलवली, मी हलवली, डॉम्यानं हलवली. तात्यांना हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

तात्यांनी पेपराची घडी घातली, बाजूला ठेवली, आणि पाठ कपाटाला नीट टेकवली. डोळे मिटले.

थोड्या वेळानं गाणं फुटलं. कपाटाचं दार थरथरलं.

मन्या उठला. चालू आल्बममध्ये, आपणहून, पहिल्यांदाच. दोन पावलं टाकून तो तात्यांपाशी गेला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

"तात्या, जरा सरका."

तात्या सरकले. मन्या त्यांच्या शेजारी खाली बसला आणि त्यानं पाठ कपाटाला लावली.

सुषमा रडत होती. गाणं संपेपर्यंत कशीबशी थांबली आणि मग म्हणाली, "उठलास तू. वडे तुझे."

मन्यानं डोळे उघडले नाहीत.

"उद्या आणतो," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या गेटवरचे चालतील ना?"