ताज्या मेंदूची मागणी

मी वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपाउंडर असताना पुण्याच्या प्रयोगशाळेतले एक डॉक्टर महिन्यातून एकदा मोटारीने यायचे. गरगर फिरायच्या रोगाने मेलेल्या मेंढ्यांची डोकी न्यायला. मेंदूचे पातळ काप रंगवून ते मज्जापेशी कशा बिघडतात ते पाहत. सूक्ष्मदर्शकाची काच रेशमी रुमालाने पुसत, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी. रोग्याला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. "पेशी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं वर ऐकवायचे.

एकदा पासली गावचा मेंढपाळ मेंढीच्या डोक्याबरोबर आपल्या आईलाही घेऊन आला. तिचे दोन्ही हात सारखे कापत होते.

"सायेब, हिलाबी बगा की. घास तोंडात जात न्हाई."

डॉक्टरांनी दुरूनच निरखलं. डोळे चमकले. मला वाटलं, आता नाडी धरतील. ते मला म्हणाले, "ही गेली की लगेच कळवा. मेंदू ताजा हवा."

म्हातारीने सगळं ऐकलं. कापत्या हातांनीच टेबलावरचं मेंढीचं डोकं उचलून तिने पाटीत घातलं.

"चल रं. हितं औशिद न्हाई मिळायचं."

"अहो, ते डोकं अडवा!" डॉक्टर माझ्यावर ओरडले.

मी उठलो आणि म्हातारीसाठी दार उघडून धरलं.