कळसूबाईच्या राईत एकटी

कळसूबाईला चढणारी माणसं बहुतेक बारीच्या वाटेनं जातात. साळूबाई राहते डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या राईला लागून असलेल्या वाडीत. शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ बायडाबाई. दोघींचे नवरे लवकर गेले. तेव्हापासून हिरड्याच्या दिवसांत दोघी मिळूनच राईत जायच्या. बायडाबाई लुगड्याचा काचा मारून झाडावर चढायची, फांद्या हलवायची. साळूबाई खाली पडलेला हिरडा वेचायची. राई एवढी दाट, की भर दुपारीही ऊन खाली पोचत नाही. वेचता वेचता लांब गेलं, की एकीनं "कूऽऽ" करायचं, दुसरीनं ओ द्यायची.

मग बायडाबाईचे गुडघे गेले. नागापूरला कंपनीत असलेला तिचा मुलगा करण येऊन तिला घेऊन गेला.

"म्होरल्या हंगामाला येते गं," ती जाताना म्हणाली. हंगाम आला, ती आली नाही.

दसऱ्याच्या सुमारास साळूबाई एकटीच राईत शिरली. झाडावर चढणं तिला कधी जमलंच नव्हतं. काठीनं खालच्या फांद्या झोडत ती बरीच आत गेली, आणि डोंगरावरून धुकं उतरलं. समोरचं खोड दिसेना. सवयीनं तिनं हाक दिली आणि कान देऊन उभी राहिली. पानांवरून पाणी तेवढं ठिबकत होतं. तिला भीती वाटली नाही, लाज वाटली. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं मागं पाहिलं. ऐकायला होतंच कोण? जांभळीच्या बुंध्याशी बसून ती रडली. धुकं सरल्यावर अर्धं पोतं घेऊन घरी आली.

आठवड्यानं ती एसटीनं नागापूरला गेली.

"बाय, चला की. झाडावर न्हाई चढायचं, नुसतं माझ्यासंगं बसा."

बायडाबाईनं गुडघ्यांवरून हात फिरवला. "इथं घरात नळ हाय, साळू. दवाखाना जवळ हाय. मला आता तिकडं न्हाई व्हायचं." मग तिनं साळूबाईचा हात धरला. "तूच ऱ्हा इथं. करण काय न्हाई म्हनायचा न्हाई."

"मला न्हाई करमायचं," साळूबाई म्हणाली.

सकाळी करणनं तिला गाडीत बसवून दिलं.

आता ती राईच्या कडेचीच झाडं झोडते. आतला हिरडा यंदा तसाच पडून राहिला.