कादिसला गेलेलं खोकं

"हे खोकं कुणासाठी?" रियाधच्या विमानतळावर बायको ओरडत होती, आणि मागची अख्खी रांग मान वळवून माझ्याकडे बघत होती. एका सौदी गृहस्थाने तर फोनवरचं बोलणं थांबवून कान दिला. "तेवढंच सांगा मला. कादिसमध्ये आपलं कोण राहतं?"

मी खोक्याकडे पाहिलं. निळ्या दोरीने उभंआडवं करकचून बांधलेलं, आणि चारही बाजूंना जाड मार्करने माझ्या आईचं नाव, गाव, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. आम्ही निघालो होतो स्पेनला.

खरं सांगतो, मी ते भरलंच नव्हतं. हातांनी भरलं. मी सौदीतल्या बुरैदाच्या एका इस्पितळात एसीची देखभाल करतो, बायको तिथेच नर्स. बारा वर्षं सुट्टी म्हणजे गाव आणि गाव म्हणजे खोकं. रजेच्या कागदावर सही झाली की माझे हात माझं ऐकत नाहीत. खजुराच्या बाजारात जातात, दूध पावडर, बाम आणि दोन माणसं आत हरवतील असं ब्लँकेट गोळा करतात आणि गाठ मारूनच थांबतात. या वेळीही त्यांनी मला विचारलं नाही.

गावी माझी सुट्टी असते, बायकोची नसते. ती उंबऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच अर्धी वाडी बीपी मोजायला ओटीवर येऊन बसते. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, मध्ये पन्नास माणसांचा स्वयंपाक. (बायको म्हणते बारा. बारा तर नुसते माझे काका आहेत.) तेव्हा या वर्षी तिने जाहीर केलं, की आठ दिवस समुद्राकाठी अशा गावात जायचं जिथे तिला कुणी हाक मारणार नाही. घरी सांगायचं, रजा मिळाली नाही. तिकडून फोन करायचा नाही. आणि मी तिच्या शेजारी गप्प बसायचं. कळलं तर बोल तिलाच लागणार, सुनेने मुलाला पळवून नेलं म्हणतील, हेही तिने मला बजावलं होतं.

मी लगेच कामाला लागलो. आईला फोन करून सांगितलं, की रजा मिळाली नाही, शिवाय बुरैदाचा मोबाइल टॉवर वाळूत कमरेपर्यंत गाडला गेलाय, शंभर माणसं फावड्यांनी उकरतायत, आठ दिवस तरी लागतील. आई "बरं" म्हणाली.

खोकं टाकून द्या, असं बायको म्हणाली. आईचं नाव लिहिलेलं खोकं विमानतळावर टाकायचं? ते आलं आमच्याबरोबर. माद्रिदपर्यंत विमानात, पुढे आगगाडीत, आणि कादिसच्या जुन्या भागात चौथ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नव्हती. घरमालकीण बाईंना मी खजूर दिला, बामाच्या तीन बाटल्या दिल्या. बाईंनी बाम हुंगला आणि माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं.

कादिस सुंदर आहे. तीन बाजूंनी समुद्र, पिवळ्या घुमटाचं मोठं चर्च, आणि घरांच्या गच्च्यांवर मनोरे. जुने व्यापारी त्यांवर उभे राहून आपली गलबतं येतात का पाहत. हे सगळं मला बायकोने नंतर सांगितलं, कारण मी बघत होतो भिंतींवरचे एसी. ज्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं, तिथे कुणी गाढवाने कॉम्प्रेसर खिडकीच्या तोंडाशी लावला होता. तिसऱ्या दिवशी घरमालकिणीचा नळ दुरुस्त केला. चौथ्या दिवशी तिच्या बहिणीचा. दुपारी बुरैदासारखीच दुकानं बंद, रस्ते ओस, आणि मी गल्लीतून समुद्रावर, समुद्रावरून गल्लीत अशा खेपा घालतोय. बायको एका जागी बसून कागदाच्या पुडीतला तळलेला मासा खात लाटा पाहत होती. "बसा हो जरा," असं ती दिवसातून वीसदा म्हणाली. पाचव्या दिवशी तिने म्हणणं सोडलं, आणि मला आणखीच बसवेना.

त्याच दिवशी ती समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या दगडी वाटेवर बसली असताना मी दहा पावलं लांब गेलो आणि घरी फोन लावला. का, ते मला विचारू नका. सुट्टी चालू होती आणि आईने मला अजून वाळलास म्हटलं नव्हतं.

"टॉवर निघाला का रे?" आईने विचारलं.

निघाला म्हणालो, पण आता वादळ सुटलंय. असं वादळ, की इस्पितळाची पाण्याची टाकी उडून शेजारच्या मशिदीच्या अंगणात पडली, तीन उंट वाहून गेले, वाळूचा आवाज तुला ऐकू येतच असेल. मागे लाटा दगडांवर धाडधाड आपटत होत्या.

आईचं घर समुद्रापासून वीस पावलांवर आहे. सत्तर वर्षं ती तो आवाज ऐकत झोपली आहे. ती म्हणाली, "भरती लागलीय तुझ्या वाळूला. सूनबाई आहे का जवळ?"

बायको माझ्या मागेच उभी होती. कधी आली, देव जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात मला कळलं की आठांतले उरलेले तीन दिवसही मी बुडवले. पुढची बारा वर्षं गावी तिला हेच ऐकावं लागणार होतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकर लावला आणि ताठ उभी राहिली.

"आई, आम्ही स्पेनला आलोय. रजा मिळाली होती. गावी यायचं नाही असं मीच ठरवलं. मला आठ दिवस नुसतं बसायचं होतं."

"बसलीस का?"

"मी बसले. हे नाही बसले."

तिकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग त्याला कशाला नेलंस?" आई म्हणाली.